खुर्ची रिकामी आहे, म्हणे!

मराठीत ‘म्हणे’ नावाचा एक मोठा लबाड शब्द आहे. दिसायला क्रियापद, वागायला अव्यय. ‘देशपांड्यांच्या शरदची बदली नागपूरला झाली, म्हणे,’ असे कोणी म्हटले की बदलीची वार्ता गावभर होते. पण ती प्रथम दिली कोणी, याचा थांग लागत नाही. बोलणारा नामानिराळा राहतो. वार्ता खरी ठरली तर ‘मी तेव्हाच सांगितले होते’ असे म्हणायला तो मोकळा, आणि खोटी ठरली तर ‘ऐकले ते सांगितले, बुवा’ असे म्हणायलाही मोकळाच! हा शब्द वर्गात शिकवताना मी वर्षानुवर्षे लग्न, बदली आणि वडिलोपार्जित वाडा अशी ठरावीक उदाहरणे देत आलो. अलीकडे विद्यार्थ्यांनीच मला त्याचे एक नवे आगर दाखवून दिले आहे. ते आगर म्हणजे फुटबॉलच्या प्रशिक्षकांच्या रिकाम्या जागा.

आमची मुले मँचेस्टर, लिव्हरपूल ही नावे मामाच्या गावासारखी घेतात. तास संपला की बाकाबाकांतून कुजबूज सुरू होते. ‘त्याला काढणार, म्हणे.’ ‘त्याच्या जागी तो स्पॅनिश येणार, म्हणे.’ ज्या गृहस्थाला काढणार तो अजून खुर्चीवर बसलेला असतो. जो येणार तो दुसरीकडे सुखाने नांदत असतो. आणि तरीही या दोघांच्या अदलाबदलीवर सात समुद्रांपलीकडच्या मुलांत पैजा लागतात. प्रथम मला याची गंमत वाटली. मग थोडे वाचले, थोडे पाहिले, आणि ध्यानात आले की या साऱ्या चर्चेत विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: कोण येणार? परंतु खेळाचा इतिहास पाहिला तर खरा प्रश्न त्याच्या शेजारी मुकाट उभा असतो. येणाऱ्याबरोबर कोण येणार, आणि जाणाऱ्याबरोबर कोण जाणार?

स्थळे सांगून येतात

ज्या वाचकांचा फुटबॉलशी फारसा परिचय नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा केला पाहिजे. इंग्लंडमध्ये संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला परंपरेने ‘मॅनेजर’ म्हणतात. तो मैदानावर पाऊल टाकत नाही, पण कोणी खेळायचे, कोठे खेळायचे, हे तोच ठरवतो. पूर्वी तर कोणाला विकत घ्यायचे, कोणाला विकायचे, हेही बहुतांशी त्याच्याच हाती असे. संघ जिंकला तर हार खेळाडूंच्या गळ्यात. हरला तर दोर याच्या! अकरा खेळाडू एकदम बदलता येत नाहीत, एक माणूस बदलता येतो. म्हणून चार सामने लागोपाठ हरले की खुर्ची डुगडुगू लागते.

खुर्ची डुगडुगली की स्थळे सांगून येऊ लागतात. हा प्रकार आपल्याकडच्या लग्नसराईसारखाच असतो. मध्यस्थ असतात; त्यांना ‘एजंट’ म्हणतात. आपल्या अशिलाचे नाव मोठ्या संघाच्या जागेसाठी कानोकानी सोडून द्यायचे, म्हणजे तो जेथे आहे तेथले मालक धास्तावून पगार वाढवतात. कधी संघाचे चालकच एखादे नाव वाऱ्यावर सोडतात आणि प्रेक्षक नाके मुरडतात की टाळ्या वाजवतात, ते पाहतात. वार्ताहरांना रोज रकाना भरायचा असतो. शिवाय त्या देशात पैजा घेणे हा कायदेशीर धंदा असल्यामुळे पुढचा मॅनेजर कोण, यावरही पैजेचे भाव निघतात. चार लोकांनी एका नावावर पैसे लावले की त्याचा भाव बदलतो, आणि भाव बदलला हीच दुसऱ्या दिवशीची बातमी होते. ती वाचून आणखी चौदा लोक पैसे लावतात. म्हणजे धूर निघाला म्हणून विस्तव आहे असे मानायचे, आणि विस्तव आहे म्हणून आणखी धूर करायचा!

या बाजाराची एक अलीकडची हकीकत ऐका. लिव्हरपूलचे मॅनेजर युर्गन क्लॉप यांनी २६ जानेवारी २०२४ रोजी जाहीर केले की, हंगामाअखेर मी जाणार. त्याच दिवसापासून झाबी अलोन्सो यांचे नाव घुमू लागले. पूर्वी लिव्हरपूलकडूनच खेळलेला खेळाडू, जर्मनीत लेव्हरकुझेन संघाला विजेतेपदाकडे नेत असलेला तरुण प्रशिक्षक. पत्रिका अगदी छत्तीस गुणांनी जुळत होती. दोन महिने ही वरात वाजत राहिली. मार्चअखेर अलोन्सोंनी सांगितले की मी आहे तेथेच राहणार. मग दुसऱ्या वराची चर्चा झाली, आणि अखेर माळ पडली ती हॉलंडच्या फेयेनूर्ड संघाचे आर्ने स्लॉट यांच्या गळ्यात. पहिल्या दिवशी हे नाव फार थोड्यांच्या ओठांवर होते. जवळजवळ जुन्याच खेळाडूंना घेऊन स्लॉट यांनी पहिल्याच वर्षी, एप्रिल २०२५ मध्ये, लिव्हरपूलला इंग्लंडचे विजेतेपद मिळवून दिले. ‘म्हणे’ने निवडलेला वर वेगळा आणि घरी आलेला वेगळा!

कधी या खुर्चीची थट्टा अगदी नाटकातल्या प्रवेशासारखी होते. २००७ च्या मे महिन्यात टॉर्की युनायटेड या लहानशा संघाने लेरॉय रोझेनियर यांना मॅनेजर म्हणून जाहीर केले. त्याच दिवशी संघाची मालकी बदलली, आणि नव्या मालकांना हे गृहस्थ नको होते. त्यांची कारकीर्द दहा मिनिटांची म्हणून नोंदली गेली आहे. आपल्याकडे हळदीच्या अंगाने मोडलेले लग्नही याहून अधिक काळ टिकले असेल.

एक उन्हाळा, दोन खुर्च्या

पण थट्टा पुरे. माझा मुद्दा नीट समजावा म्हणून १९७४ सालच्या उन्हाळ्याकडे वळतो. त्या वर्षी इंग्लंडमध्ये दोन मोठ्या खुर्च्या एकाच सुमारास रिकाम्या झाल्या. लीड्स युनायटेड हा त्या वर्षीचा लीग-विजेता संघ. त्याचे मॅनेजर डॉन रेव्ही राष्ट्रीय संघाचे मॅनेजर होऊन गेले. लिव्हरपूल हा त्या वर्षीचा एफ. ए. कप जिंकणारा संघ. तेथे बिल शँक्ली यांनी जुलैमध्ये अचानक निवृत्ती जाहीर केली आणि सारे शहर हळहळले.

लीड्सने मोठे नाव आणले. ब्रायन क्लफ हा त्या काळचा वाचस्पती. डर्बी कौंटीसारख्या संघाला त्याने १९७२ मध्ये विजेते केले होते. पण ते यश एकट्याचे नव्हते. पीटर टेलर हे त्याचे सहकारी. खेळाडू हेरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लीड्सला जाताना टेलर मागे ब्रायटनलाच राहिले. क्लफने ज्या संघाच्या खेळावर वर्षानुवर्षे जाहीर टीका केली होती, त्याच संघाच्या घरात तो जवळजवळ एकटा शिरला. जुने खेळाडू दुखावलेले, जुने नोकर साशंक, आणि सल्ल्याला टेलर नाहीत. सहा लीग-सामन्यांत एक विजय मिळाला आणि ४४ व्या दिवशी त्याला निरोप देण्यात आला.

तोच क्लफ पुढे १९७५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. १९७६ मध्ये टेलर येऊन मिळाले. १९७७ मध्ये संघ वरच्या श्रेणीत चढला, १९७८ मध्ये इंग्लंडचा विजेता झाला, आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने युरोपचा करंडक जिंकला. माणूस तोच, जीभ तीच, अक्कलही तीच. मग ४४ दिवस आणि हे वैभव यांत फरक कशाचा? संघ वेगळा होता आणि खेळाडूंची मनेही वेगळी होती, हे खरे. पण शेजारच्या खुर्चीवर कोण बसले होते, हेही नजरेआड करता येत नाही.

आता लिव्हरपूल पाहा. शँक्ली १९५९ मध्ये त्या संघाकडे आले, तेव्हा तेथे बॉब पेझली, जो फेगन, रूबेन बेनेट अशी मंडळी आधीपासून काम करीत होती. नवा साहेब आला म्हणजे जुन्यांची गठडी वळली जाणार, हा सर्वत्रचा रिवाज. शँक्लींनी मात्र सर्वांना कामावर कायम ठेवले आणि बदल्यात निष्ठा मागितली. मैदानाच्या इमारतीत खेळाडूंचे बूट ठेवण्याची एक लहानशी खोली होती. तिला ‘बूट रूम’ म्हणत. खोक्यांवर बसून ही माणसे तेथे कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचे मन लागत नाही, पुढच्या सामन्यात काय करावे, याचा खल करीत.

शँक्ली गेले तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या पेझलींना मॅनेजर करण्यात आले. ते १९३९ पासून याच संघात होते. प्रथम खेळाडू, मग खेळाडूंच्या दुखापती पाहणारे, मग शँक्लींचे उजवे हात. त्यांना स्वतःला ही जागा नको होती. बोलण्यात ते क्लफच्या पासंगालाही पुरले नसते. पण पुढच्या ९ वर्षांत त्यांनी ६ वेळा लीगचे विजेतेपद आणि ३ वेळा युरोपचा करंडक जिंकला. १९८३ मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच खोलीतले फेगन पुढे आले. त्यांनी पहिल्याच हंगामात तीन करंडक घरी आणले. काखेत कळसा असताना गावाला वळसा न घालणारी माणसे कोठे कोठे असतात, ती अशी.

पुढे १९९३ मध्ये ती बूट रूम पाडण्यात आली. कशासाठी? तर वार्ताहरांसाठी दालन बांधायला! जेथे काम करणारी माणसे हलक्या आवाजात बोलत, तेथे बोलण्याचेच काम करणाऱ्यांची सोय झाली. काळाचा महिमा, दुसरे काय!

मात्र कोणी असा अर्थ काढू नये की घरचा माणूस बसवला की झाले. मँचेस्टर युनायटेडने १९६९ मध्ये सर मॅट बझ्बी यांच्या जागी घरच्याच विल्फ मॅकगिनेस यांना पुढे केले. वय ३१. संघातले काही खेळाडू त्यांच्याहून वयाने मोठे, आणि वृद्ध बझ्बी त्याच इमारतीत वरच्या पदावर बसलेले. डिसेंबर १९७० मध्ये मॅकगिनेस पायउतार झाले. सासूबाईंच्या हाती किल्ल्या असताना सुनेने संसार कसा करावा? तेव्हा घरचा की बाहेरचा, हा वाद दुय्यम आहे. ज्याला बसवायचे त्याला आधार देणारे घर मागे उभे आहे की नाही, हे महत्त्वाचे.

पाठीवरचे बिऱ्हाड

याच मँचेस्टर युनायटेडने २०१३ मध्ये हा धडा पुन्हा गिरवला. सर अॅलेक्स फर्ग्युसन २६ वर्षांनंतर, लीग जिंकून, सन्मानाने निवृत्त झाले. त्यांच्या जागी डेव्हिड मॉइस आले. करार तब्बल सहा वर्षांचा. वर्तमानपत्रांनी मॉइस यांच्या स्वभावाची आणि नशिबाची चिकित्सा केली. त्या मानाने थोड्यांचेच लक्ष गेले ते एका साध्या गोष्टीकडे. फर्ग्युसनच्या हाताखालचे माइक फेलन, रेने म्युलेनस्टीन आणि गोलरक्षकांचे शिक्षक एरिक स्टील हे तिघेही गेले, आणि मॉइस यांनी आपल्या जुन्या एव्हर्टन संघातील सहकारी आणले. विजेत्या संघाची कुंडली ज्यांना तोंडपाठ होती, ती माणसे एका उन्हाळ्यात दाराबाहेर! एप्रिल २०१४ मध्ये मॉइसही गेले. संघ त्या वर्षी सातवा आला. केवळ सहकारी बदलल्याने हे घडले असे मी म्हणत नाही. पण ती माणसे असती तर नव्या सुनेला मिठाचा डबा कोठे आहे हे तरी कळले असते.

या दुय्यम माणसांविषयी मला विशेष आस्था वाटते. मॅनेजर गेला तर त्याच्या करारात उरलेल्या काळाची भरपाई बहुधा असते. काही वेळा त्याला पगार देऊन घरी बसवतात आणि दुसरीकडे काम करू देत नाहीत; या चैनीला ते लोक ‘गार्डनिंग लीव्ह’ म्हणतात, म्हणजे बागेतली झाडे पाहत बसण्याची रजा. सहायकाच्या वाट्याला एवढी मोठी बाग येत नाही. त्याची पोटापाण्याची दोरी दुसऱ्याच्या खुर्चीला बांधलेली असते. खुर्ची उलटली की त्याचे बिऱ्हाड पाठीवर. मुलांच्या शाळा बदलायच्या, भाड्याचे घर सोडायचे, आणि साहेबांना नवी जागा कधी मिळते याची वाट पाहायची. क्लॉप यांनी विश्रांती घेतली, तेव्हा त्यांचे सहायक पेप लायंडर्स यांना ऑस्ट्रियात साल्झबर्ग येथे मुख्य प्रशिक्षकाची जागा मिळाली. बरोबर लिव्हरपूलचेच व्हितोर मातोस सहायक म्हणून गेले. डिसेंबर २०२४ मध्ये, वर्षही पुरे व्हायच्या आत, लायंडर्स यांना तेथून निघावे लागले. सरकारी नोकरीत बदलीच्या हुकुमाची धास्ती ज्यांनी अनुभवली आहे, त्या वाचकांना यापेक्षा अधिक सांगायला नको.

आपल्या घरची गोष्ट

हे सारे विलायतेचे झाले. पण २०२५ च्या पावसाळ्यात ‘म्हणे’ने आपल्या देशातही मोठी धमाल उडवून दिली. भारतीय संघाचे क्रोएशियन प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना जून २०२४ मध्ये दूर करण्यात आले होते. त्यांच्या जागी आलेले स्पेनचे मानोलो मार्केझ आठ सामन्यांत एकच विजय मिळवून जुलै २०२५ मध्ये बाजूला झाले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने जाहिरात दिली आणि १७० अर्ज आले. आणि एके दिवशी बातमी फुटली की अर्जदारांत झावी हर्नांडेझ आहेत! २०१० चा विश्वचषक जिंकलेल्या स्पेनच्या संघातील खेळाडू, बार्सिलोनाचे माजी प्रशिक्षक! ते परवडणार नाहीत म्हणून त्यांचा विचार झाला नाही, असेही छापून आले. दोन दिवस देशभर हळहळ. मग महासंघानेच खुलासा केला की झावी आणि पेप ग्वार्डिओला या दोघांच्या नावाने अर्ज आले होते खरे, पण ते अस्सल नव्हते. एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हा उद्योग आपलाच असल्याचे सांगितले, असेही वृत्त आले. एका पोराने टिचकी मारली आणि शहाण्यासुरत्या माणसांचा ‘म्हणे’ खणखणीत वाजला.

अखेर १ ऑगस्टला निवड झाली ती खालिद जमील यांची. सॅव्हिओ मेदेरा या गोमंतकीय प्रशिक्षकानंतर, म्हणजे २०१२ नंतर, प्रथमच ही जागा भारतीयाकडे आली. जमील यांची कथा मुंबईकरांनी तरी विसरू नये. कुवेतमध्ये जन्मलेला हा खेळाडू मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून खेळला, आणि पुढे सात वर्षे त्यांनी मुंबई एफसीला तुटपुंज्या साधनांवर वरच्या श्रेणीत टिकवून धरले. २०१६ मध्ये ते नाते संपले. ते मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले. हा संघ खाली घसरलेला. गोव्याचे संघ लीगमधून बाहेर पडले म्हणून कसाबसा परत घेतला गेलेला. त्याच संघाला घेऊन जमील यांनी एप्रिल २०१७ मध्ये आय-लीगचे विजेतेपद मिळवले. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या श्रेणीत उतरला! त्या माणसाबरोबर आपल्या घरातून काय काय निघून गेले, हे मुंबईला तेव्हा कळले असेल.

जमील यांच्या नेमणुकीने सारे आलबेल झाले असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य आशियाई स्पर्धेत ओमानला हरवून भारत तिसरा आला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १–२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. पुन्हा खुर्चीकडे बोटे वळली. परंतु त्याच उन्हाळ्यात खुर्चीमागचे घर कोणत्या अवस्थेत होते? इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम करारांच्या गुंत्यात अडकून पडला होता. ऑगस्टमध्ये बंगळूरु एफसीने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचे जाहीर केले. चेन्नईच्या संघानेही काम स्थगित केले. झावी येणार की नाही, यावर आपण आठवडाभर रंगलो. पण मालिश करणारा, गोलरक्षकांना शिकवणारा, बूट आणि कपडे सांभाळणारा, यांच्या घरी पहिल्या तारखेला काय शिजले, याची चर्चा त्या मानाने कितीशी झाली?

अशा माणसांच्या बळावर काय होऊ शकते, याचे उदाहरणही आपल्याच घरचे आहे. २०२३ मध्ये बंगळूरु येथे दक्षिण आशियाई स्पर्धा झाली. मुख्य प्रशिक्षक स्टिमाच यांच्यावर बंदी आल्यामुळे उपान्त्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांना ते संघाजवळ उभे राहू शकले नाहीत. त्यांच्या जागी उभे राहिले सहायक महेश गवळी, गोव्याचे जुने बचावपटू. भारताने लेबनॉनला आणि मग कुवेतला पेनल्टीवर हरवून करंडक जिंकला. खुर्ची खरोखर रिकामी होती, पण घर भरलेले होते. गवळींच्या नावावर तेव्हा कोणी पैज लावली नव्हती.

आणि त्याआधीचे आपले सर्वांत मोठे यश कोणाचे? हैदराबादचे एक शाळामास्तर, सय्यद अब्दुल रहीम यांचे. १९५० पासून १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. १९५१ चे आणि १९६२ चे आशियाई सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील चौथे स्थान, हे त्यांच्याच काळातले. जकार्त्याच्या विजयाच्या वेळी ते कर्करोगाने पोखरले होते. तेरा वर्षे एकाच मास्तरांकडे वर्ग राहिला, म्हणून मुले शिकली; दर परीक्षेनंतर मास्तर बदलले असते तर काय झाले असते, हे मी मास्तर असल्यामुळे पुरते जाणतो.

‘म्हणे’ हा शब्द मराठीतून काढून टाकावा, असे माझे म्हणणे नाही. तो गेला तर संध्याकाळी ओट्यावर बसून बोलायचे तरी काय? माझे मागणे एवढेच की, घरातला मुलगा किंवा मुलगी यापुढे ‘अमक्याला आणणार, म्हणे’ असे सांगत आली, तर तिला चूप न करता विचारावे: ‘बरे, त्याच्याबरोबर कोण येणार? आणि आधीच्या मंडळींचे काय होणार?’ हा प्रश्न फुटबॉलच्या संघालाच नव्हे, शाळेला, कचेरीला, सहकारी बँकेला आणि नाटकमंडळीलाही लागू पडतो. खुर्चीवरचे नाव पाटीवर लिहिता येते आणि पुसताही येते. खुर्ची ज्यांच्या खांद्यांवर उभी असते, त्यांची नावे कोणी लिहीतच नाही. निदान ती ठाऊक करून घ्यावीत.